आधी खोली, मग खाते, मग हयातीचा दाखला: भुसावळच्या फलाटावरून आलेल्या एका माजी सैनिकाचे प्रकरण

या प्रकरणातला माणूस आणि त्याला आसरा देणारी बेघर माजी सैनिकांची वसाहत कागदावर जुळवलेली आहेत. खान्देशातल्या बेघर माजी सैनिकांच्या बाबतीत ज्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात, त्या एकाच माणसाभोवती गुंफल्या आहेत. म्हणून नाव, गाव, पलटण दिलेली नाही. त्याला नाना म्हणू. वसाहतीतही त्याला कोणी दुसरी हाक मारली नसती.

परिस्थिती

वय ५६. मूळ गाव पारोळा तालुक्यात. पायदळात १७ वर्षे नोकरी, शिपाई म्हणून निवृत्त, तेव्हा वय ३६. ही गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही: लष्करातला शिपाई म्हातारा होऊन घरी येत नाही, ऐन उमेदीत येतो. पुढची चोवीस-पंचवीस वर्षे त्याला दुसरी नोकरी करावीच लागते आणि बहुतेकांच्या वाट्याला ती सुरक्षारक्षकाची येते. नानाने सुरतेत चौदा वर्षे वॉचमनकी केली. राहणे गेटजवळच्या केबिनमध्ये. एजन्सीचा ठेका गेला तशी नोकरीही गेली आणि निवाराही गेला, दोन्ही एकाच दिवशी.

घर गावठाणात होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातून बांधलेले, पण जागा वडिलांच्या नावाची. घरात बायको आणि मोठा मुलगा. परत आल्यावर दारूवरून रोजची भांडणे. एका रात्री मुलाने हात धरून बाहेर काढले. त्यानंतर वर्षभर भावाच्या खळ्यात, मग सावदा-रावेर पट्ट्यात केळीच्या गाड्या भरण्याच्या टोळीत, आणि काम नसेल तेव्हा भुसावळच्या फलाटावर.

खान्देशातला बेघर फौजी शहरातल्या पदपथावर सापडत नाही, म्हणून तो मोजलाही जात नाही. तो पारावर, खळ्यात, वॉचमनच्या केबिनीत किंवा मळ्यातल्या झोपडीत असतो. विचारले तर म्हणतो, "घर से मना, पन तठे माले जानं नही." घर आहे, जायचे नाही. सरकारी फॉर्ममधल्या 'घर आहे का?' या रकान्यात याचे उत्तर 'हो' असे भरले जाते.

डिसेंबरात तो वसाहतीत आला. अंगावर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, खिशात काही नाही. २२ महिन्यांपासून पेन्शन बंद. ती का बंद आहे हे त्याला माहीत नव्हते; "सरकारने बंद केली" एवढेच.

वसाहत

बारा खोल्या, तालुक्याच्या गावापासून चालत पंधरा मिनिटांवर. हे अंतर महत्त्वाचे आहे. फुकट मिळाली म्हणून गावाबाहेर सहा-सात किलोमीटरवर जागा घेतली की बँक, दवाखाना, सेतू केंद्र सगळे रिक्षावर अवलंबून राहते आणि रिक्षाचे पैसे नसतात.

अशा वसाहतींची कल्पना अमेरिकेत बरीच पुढे गेली आहे. कॅन्सस सिटीत बेघर माजी सैनिकांसाठी ४९ छोट्या घरांची वस्ती आहे, एकेक घर २४० ते ३२० चौरस फुटांचे, आणि शेजारीच मदत केंद्र. याशिवाय तिथल्या केंद्र सरकारची एक योजना भाड्यासाठी व्हाउचर देते. माजी सैनिक उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्के भरतो, उरलेले सरकार, आणि सोबत एक कार्यकर्ता नेमलेला असतो. व्हाउचरची वाट आपल्याकडे चालणार नाही. पारोळ्यात किंवा यावलमध्ये एकट्या, पिणाऱ्या पुरुषाला कोणी घरमालक खोली देत नाही, पैसे कोणीही भरो. म्हणून वसाहतच लागते. पण दोन गोष्टी तिथून जशाच्या तशा घेण्यासारख्या आहेत: स्वतःच्या कुलपाची खोली, आणि दारू सोडण्याची अट न घालता ती आधी देणे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून हीच रीत 'आधी घर' या नावाने रुजली.

खोलीचे माप १० बाय १२ फूट, संडास-न्हाणी जोडून. बांधकामात खान्देशाने दोन गोष्टी लादलेल्या आहेत. पहिली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दोन फुटांच्या पायावर उभी केलेली भिंत दुसऱ्याच वर्षी दाराच्या कोपऱ्यातून तिरकी फाटते. एक तर कठीण मुरूम लागेपर्यंत खोदून, सहा-सहा इंचांच्या थरांत मुरूम भरून, पाणी मारून धुम्मस करायचे, किंवा तळाशी फुगा असलेले पाइल घ्यायचे. जोत्यावर सलग काँक्रीटचा पट्टा दोन्ही बाबतींत हवाच. दुसरी गोष्ट ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याची खोली स्वस्त पडते म्हणून बांधली, तर दुपारी बारा ते सहा कोणी आत थांबत नाही. माणूस झाडाखाली जातो, तिथून गुत्त्यावर जातो. स्लॅब, त्यावर पांढऱ्या चिनी टाइलचे तुकडे किंवा दरवर्षी मार्चमध्ये चुन्याचे दोन हात, पश्चिमेला सहा फुटांचा ओटा, समोरासमोर खिडक्या. कूलरसाठी खिडकीबाहेर लोखंडी चौकट आणि नळाचा तोटा आधीच काढून ठेवायचा. नंतर भिंत फोडावी लागते.

न्हाणीचे दार बाहेर उघडणारे हवे. आत माणूस पडला की आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. कमोड, आणि त्याच्या उजव्या हाताला जमिनीपासून तेहतीस इंचांवर पक्की दांडी. टाइलवर चिकटवलेली नव्हे, विटेत रोवलेली.

पलंग असा ठेवायचा की पडल्या पडल्या दार दिसेल. ज्यांनी सीमेवर किंवा दहशतवादविरोधी मोहिमांवर रात्री काढल्या त्यांच्यापैकी काहींना दाराकडे पाठ करून झोप येत नाही. जेवणासाठी घंटा नाही. दिवाळीत, लग्नसराईत आणि गणपतीत काय होते हे पहिल्या वर्षीच कळते: सुतळी बॉम्ब आणि डीजेच्या रात्री तीन-चार जण ओट्यावर जागे असतात. त्यांना आत जा म्हणण्यापेक्षा चहा ठेवलेला बरा. रात्री फाटकापर्यंत फेरी मारून येण्याची काहींची सवय सुटत नाही. ती सोडवायचीही नाही, हातात टॉर्च द्यायचा.

हजेरी नाही, कवायत नाही, ध्वजवंदनाची सक्ती नाही. वसाहत चालवायला निवृत्त सुभेदार नेमायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तो शिस्तीचा, हिशेबाचा पक्का असतो. पण शिपाई सुभेदारापुढे आजही 'साहेब' म्हणून सावधान उभा राहतो आणि खरे बोलत नाही. किती प्यालो, कोणाचे पैसे देणे आहे, रात्री काय दिसते, यातले काहीही तो वरच्या हुद्द्याच्या माणसाला सांगणार नाही. सुभेदार साहेबांना हिशेब आणि कार्यालयांचा पाठपुरावा द्यावा. खोल्यांवर रोज फिरणारी व्यक्ती बिगरलष्करी असावी, आणि तिच्याकडे आठ-दहांपेक्षा जास्त माणसे नसावीत.

पहिले तीन दिवस

इथे पहिली चूक झाली. नानाला आंघोळ, कपडे, जेवण, पलंग मिळाला. शेवटचा घोट कधी घेतला आणि रोज किती लागते, हे कोणी विचारले नाही. दारू सोडण्याची अट नव्हती, पण खिशात पैसे नव्हते, त्यामुळे ती आपोआप बंद झाली.

रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो, उलट्या होतात. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, माणसे बोलावतात, ताप चढतो, दिवस-रात्र कळत नाही. यात माणूस दगावतो. खान्देशात हे 'बाहेरचे' समजून भगताकडे नेण्याचे प्रमाण कमी नाही, आणि नेमके तेच तास हातचे जातात.

नानाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिट आली. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाच दिवस राहावे लागले. तिथे नेताना सोबतच्या माणसाने एक वाक्य न विसरता सांगायचे असते: "रोज पिणारा आहे, शेवटची दारू अमुक वेळी." कारण अशा रुग्णाला ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन म्हणजे बी-१ चे इंजेक्शन द्यावे लागते, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरांना हे ठाऊक असते. बेशुद्ध माणूस पिणारा होता हे मात्र त्यांना सांगावे लागते.

त्यानंतर वसाहतीच्या पहिल्या दिवसाच्या कागदावर चार प्रश्न आले. शेवटची दारू कधी? रोज किती? पूर्वी कधी फिट आली का? कोणत्या गोळ्या चालू होत्या? रोजची पाव बाटली किंवा त्याहून जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नाही.

क्रम चुकला तो असा

रुग्णालयातून आल्यावर सगळ्यांना पेन्शन सुरू करण्याची घाई होती. कागद एकही नव्हता, पण लष्करी क्रमांक तोंडपाठ होता, शेवटच्या अक्षरासकट. माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, आपला नंबर विसरत नाही. नंबर आणि पलटण कळली की सैनिकाच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे अभिलेख कार्यालय कळते: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या जुन्या नोंदवहीत नानाची नोंद सापडली. त्यावरून ओळखपत्राची दुय्यम प्रत, आणि डिस्चार्ज बुक म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणारे सेवापुस्तक हरवल्याची पोलिसात नोंद, प्रतिज्ञापत्र व अर्ज असा संच अभिलेख कार्यालयाकडे रवाना. पेन्शनसाठी मात्र डिस्चार्ज बुकची वाट पाहावी लागत नाही.

पेन्शन बंद होण्याचे कारण साधे निघाले. पूर्वी पेन्शन बँक देत होती आणि हयातीचा दाखला बँकेत सही करून व्हायचा. मग खाते 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या पेन्शन प्रणालीवर गेले. पैसे त्याच बँक खात्यात येत राहिले, पण देणारा बदलला. आता हयात नोंदवायची ती स्पर्शकडे, दर वर्षी. तसे संदेश सुरतेच्या जुन्या सिमकार्डवर गेले असणार. ते सिम कधीच बंद पडले होते.

दाखला काढताना जी ठेच हमखास लागते ती इथेही लागली. सेवा केंद्रावर जीवन प्रमाण या सरकारच्या डिजिटल हयात-दाखल्याच्या फॉर्ममध्ये पेन्शन वितरण संस्था म्हणून बँकेचे नाव निवडले गेले, कारण पासबुक बँकेचे होते. दाखला निघाला, क्रमांक मिळाला, आणि काहीच झाले नाही; तो चुकीच्या दारात गेला होता. दुसऱ्या वेळी 'स्पर्श' निवडून, जुना पीपीओ म्हणजे पेन्शन आदेशाचा क्रमांक सोडून स्पर्शचा नवा बारा आकडी क्रमांक टाकला. बोटांचे ठसे उमटेनात. केळीच्या चिकाने आणि दोरखंडाने बोटे घासली होती. मोतीबिंदूमुळे डोळ्याची नोंदही होईना. मोबाइलवर चेहरा दाखवून काम झाले. सावलीत उभे राहायचे, पाठीमागे खिडकी नको, चष्मा काढायचा.

जानेवारीच्या पेन्शनबरोबर २२ महिन्यांची थकबाकी जमा झाली: सुमारे चार लाख वीस हजार.

आणि नाना गायब झाला.

एटीएम कार्ड टोळीच्या मुकादमाकडे गहाण होते, पिनसकट. पंधरा हजारांची उचल. पेन्शन बंद झाल्यावरही मुकादमाने कार्ड जपून ठेवले होते आणि अधूनमधून मशीनवर शिल्लक बघत होता. पाच दिवसांत, रोजच्या मर्यादेइतके वीस वीस हजार काढत, एक लाख गेले. त्यातले काही हजार त्याने नानाच्या हातावर ठेवले आणि बाटलीही दिली.

दाखल्याची घाई केली तिथे चूक झाली. पेन्शन चालू करणे चांगलेच, पण ज्या खात्याच्या चाव्या दुसऱ्याच्या खिशात आहेत त्यात चार लाख ओतणे म्हणजे फुटक्या माठात पाणी. बेघर पेन्शनरासाठी सगळ्यात धोक्याचा दिवस थकबाकी जमा होण्याचा असतो. त्या दिवशी सावकाराला कळते, भावाला कळते, गुत्तेवाल्याला कळते. माणूस मात्र एकटा असतो.

अकरा दिवस

खोली दुसऱ्याला दिली नाही. हा निर्णय सोपा नव्हता. दोन जण वाट बघत होते आणि वसाहतीतलेच काही म्हणत होते की नियम मोडला, खोली गेली. पण 'दारू प्यालास तर खोली गेली' हा नियम ठेवला तर प्यालेला माणूस परत येतच नाही, आणि तो येणे हाच एकमेव उपाय असतो. कुलूप तसेच ठेवले, वस्तू तशाच. तीस दिवसांपर्यंत खोली राखायची, त्यानंतर सामान पेटीत बंद करून नव्वद दिवस सांभाळायचे, असा लेखी नियम नंतर झाला. लेखी नसला की प्रत्येक वेळी भांडण होते.

तो निंभोऱ्याजवळ केळीच्या बागेत सापडला. शोधायला गेलेल्याने एकच गोष्ट सांगितली: "नाना, खोलीची चावी तुमचीच आहे." येतो म्हणाला नाही, दुसऱ्या दिवशी आला. या वेळी चार प्रश्न आधी विचारले गेले आणि त्याच दुपारी डॉक्टर गाठला.

दुसऱ्यांदा, नीट क्रमाने

पहिला फेरा बँकेचा. शाखेत स्वतः जाऊन जुने कार्ड बंद, नवे कार्ड मागवायचे नाही, पैसे काढायचे ते पावती भरून. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक बदलला. नवा क्रमांक नानाच्याच नावाच्या सिमचा, कार्यकर्त्याचा नव्हे. इथे चांगले लोकही चुकतात. सोयीसाठी आपला नंबर जोडतात, आणि दोन वर्षांनी ते नोकरी सोडून गेले की सुरतेच्या सिमकार्डाची गोष्ट पुन्हा घडते. तोच नंबर आधारला आणि स्पर्शला.

मुकादमाची भीती नानाला होती, आणि ती खोटी नव्हती. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात होते. पेन्शन जप्तीपासून १८७१ च्या पेन्शन कायद्याने सुरक्षित आहे. पण कार्ड एकदा हातात दिले की कायदा नंतर येतो, पैसे आधी जातात. तक्रार करायची की नाही हे नानावर सोडले. त्याने नाही म्हटले, कारण हंगामात त्याच टोळीत काम मिळते. कार्यकर्त्याला ते पटले नाही. निर्णय नानाचा राहिला.

उरलेल्या तीन लाख वीस हजारांपैकी तीन लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले. ही योजना साठीनंतरची समजली जाते. निवृत्त सैनिकाला पन्नाशीनंतर खाते उघडता येते, हे पोस्टाच्या खिडकीवर नेहमी ठाऊक असतेच असे नाही. मुदत पाच वर्षे, व्याज ८.२ टक्के, दर तिमाहीला हातात: तीन लाखांवर ६,१५० रुपये. वर्षाच्या आत मोडले तर व्याज मिळत नाही, नंतर मोडले तर दंड. अशा माणसासाठी हा दंडच कामाचा आहे. 'पैसे पोस्टात अडकलेत' हे वाक्य भावाला, मित्राला, गुत्तेवाल्याला सांगता येते आणि ते खरे असते.

वीस हजारांत चष्मा, दात, गादी, सायकल.

पेन्शनच्या कागदात आणखी एक गोष्ट तपासली गेली. निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी घेतलेला असतो. तो पंधरा वर्षांनी परत पेन्शनला जोडला जातो. नानाला वीस वर्षे झाली होती. ज्यांचे खाते बँकेतून स्पर्शवर गेले त्यांनी हा जोड खरोखर झाला आहे का, हे पेन्शन पावतीवर पाहावे. 'कम्युटेशन' म्हणून अजून वजावट दिसत असेल तर स्पर्शवर तक्रार नोंदवायची, निवृत्तीची तारीख लिहून.

ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड त्याच्याकडे कधीच नव्हते. पण १ एप्रिल २००३ नंतर पेन्शनीवर निघालेल्यांना ही योजना सक्तीची आहे आणि वर्गणी निवृत्तीच्याच वेळी कापलेली असते. म्हणजे सदस्यत्व असते, फक्त कार्ड काढलेले नसते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यावरच झाली.

पेन्शन नियमित झाल्यापासून नाना उत्पन्नाच्या तीन दशांश खोली, वीज, पाण्यासाठी देतो. खानावळ वेगळी. फुकट ठेवले तर माणूस पाहुणा राहतो आणि पाहुण्याला नळ गळतो हे सांगण्याचा हक्क वाटत नाही. भाडे भरायला लागल्यावर नानाने पहिली तक्रार केली: कळण्याची भाकरी आठवड्यातून एकदाच का?

दारू सुटलेली नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोन-तीन दिवस पितो, खोलीत. ओट्यावर प्यायची नाही, दुसऱ्याला पाजायची नाही, स्वयंपाकघरात यायचे नाही, हे तीन नियम पाळतो. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात महिन्यातून एकदा जातो. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. लावतो की नाही, कोणी विचारत नाही.

बायको, मुलगा, घर

बाहेरून मदत करणाऱ्यांना सगळ्यात आधी सुचते ते 'घरी परत पाठवा'. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक व पालक निर्वाह कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. नाना साठीचा नाही, पण पालक म्हणून मुलाकडे मागणी करायला वयाची अट नाही. कायदा बाजूने आहे. तरीही अर्ज केला नाही, आणि ते बरोबरच झाले. बायकोने बारा वर्षे काय सोसले हे गावात विचारले तर कळते. मुलाने हात धरून बाहेर काढले ते आईला वाचवण्यासाठी. कोर्टाच्या जोरावर त्या घरात शिरलेला माणूस पहिल्या भांडणानंतर पुन्हा फलाटावर येतो, आणि या वेळी त्याला परत न्यायला कोणी उरत नाही.

त्याऐवजी दोन कामे झाली. पेन्शनमधून दर महिन्याला पाच हजार बायकोच्या खात्यात जातील अशी कायमची सूचना बँकेत दिली. रक्कम नानाने ठरवली. दुसरे, स्पर्शवर बायकोचे नाव, जन्मतारीख आणि आधार तपासले. लष्कराच्या नोंदीत तिचे माहेरचे नाव होते, आधारवर सासरचे. हा फरक आज कोणाला बोचत नाही. नवरा गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जात तो डोंगराएवढा होतो आणि बाई महिनोन्‌महिने खेटे घालते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, विवाहाचा पुरावा आणि जोडफोटो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अभिलेख कार्यालयाला पाठवले. नवरा जिवंत असताना हे काम एका सहीचे असते.

जागा अजून वडिलांच्या नावावर आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर वारस नोंद करायची तर भावांच्या सह्या लागतात. एक भाऊ हक्कसोड मागतो आहे. सध्या त्या वाटेला कोणी गेलेले नाही.

पेन्शन नसती तर

वसाहतीत येणाऱ्या सगळ्यांना पेन्शन नसते. पंधरा वर्षे पुरी होण्याआधी निघालेल्यांना सेवा पेन्शन नाही. अशांचे पहिले काम म्हणजे डिस्चार्ज बुकमधला 'कारण' हा रकाना वाचणे. वैद्यकीय कारणाने काढले असेल तर अपंगत्व पेन्शनचा मार्ग तपासावा. कित्येकांनी पंचवीस वर्षांपूर्वी नाकारलेला दावा पुन्हा मांडलेलाच नसतो. स्वतःच्या विनंतीवरून, पेन्शनीआधी निघाला असेल, तर तो बहुधा 'माजी सैनिक' या व्याख्येतच बसत नाही, आणि हे त्याला पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगावे. सहा महिने आशेवर ठेवणे वाईट.

पेन्शन नसलेला, हवालदार किंवा खालच्या हुद्द्याचा, पासष्टीपुढचा माजी सैनिक केंद्रीय सैनिक मंडळाच्या दारिद्र्य अनुदानाला पात्र असतो. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते महिना ८,००० रुपये आहे. आधी ४,००० होते. अर्ज ऑनलाइन, पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारशीशिवाय पुढे सरकत नाही. घरकुलाचा मार्गही अशांनाच खुला असतो. ग्रामीण प्रधानमंत्री आवासमध्ये महिना १५,००० च्या वर उत्पन्न असलेले कुटुंब बाद होते, त्यामुळे नानासारखा पेन्शनर त्यात बसत नाही. पेन्शन नसलेल्याला १,२०,००० रुपये, आणि जागाच नसेल तर जागा खरेदीसाठी राज्याच्या योजनेतून एक लाखापर्यंत. मात्र घरकुल उभे राहीपर्यंत राहायचे कुठे, याचे उत्तर त्या योजनेत नाही. तेवढ्यासाठी वसाहतीत बारापैकी तीन खोल्या 'तात्पुरत्या' म्हणून राखलेल्या आहेत. त्या बहुतेक वेळा भरलेल्या असतात आणि तात्पुरते राहणारे दीड वर्ष राहतात.

नाना आता चौदाव्या महिन्यात आहे. खोली क्रमांक पाच, पश्चिमेचा ओटा. पुढचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात, त्याची तारीख त्याने दारामागे टेलिमानसच्या क्रमांकाखाली खडूने लिहून ठेवली आहे. डिस्चार्ज बुकची दुय्यम प्रत अभिलेख कार्यालयातून अजून यायची आहे.